स्टोअरची बढती की बी.एस्सी.ची हजेरी?

मॅडम,
मी पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव बार्शी तालुक्यात, घरी चार एकर कोरडवाहू. पहिल्या सत्रात माझे सगळे विषय सुटले होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर घरपोच किराणा देणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये पिकर म्हणून, म्हणजे ऑर्डरचं सामान रॅकमधून काढून द्यायच्या कामाला लागलो. दुपारी चार ते रात्री एक, सोमवारी वीक-ऑफ. हातात १५,५०० येतात. कॉट आणि मेस मिळून ७,२०० जातात, मोबाइलचा हप्ता १,९००, बसचा पास आणि किरकोळ हजारभर. ५,००० घरी पाठवतो. ताईच्या लग्नाला वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, त्याचा हप्ता जातो. कॉलेज सकाळी साडेसातला. दुसऱ्या सत्राच्या दोन केट्या (न सुटलेले, पुन्हा द्यायचे विषय) राहिल्यात, गणित आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा. आता डिफॉल्टर लिस्टला नाव लागलंय, हजेरी ४१ टक्के. केटीचं घरी माहीत नाही. स्टोअर मॅनेजर म्हणतो शिफ्ट इन-चार्ज करतो, २०,००० देतो, पण रोज दहा तास आणि कधी सकाळची शिफ्टपण करावी लागेल. रूममेट म्हणतो, घे, डिग्रीवाले लोक आपल्याच स्टोअरची डिलिव्हरी करतायत. वडील म्हणतात, काही झालं तरी ग्रॅज्युएट हो. मला दोन्ही करायचंय. वेळेचं नियोजन कसं करू? (परवा रात्री रूममेटची गाडी चालवत येताना कर्वे रोडच्या सिग्नलला डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा जाग आली.)
– श., पुणे

प्रिय श.,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकली आहेस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. रात्री एकला सुटतोस, दीडला खोलीवर, दोनला आडवा. साडेसहाला उठून बस पकडायची म्हणजे साडेचार तास झोप, तीही आठवड्यातले पाच दिवस. विशीतलं शरीर या झोपेवर नऊ तास उभं राहून रॅकमधून सामान उचलू शकतं, म्हणून तुला वाटतं की निभतंय. पण उभं राहणं वेगळं आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवणं वेगळं. स्टोअरमध्ये स्कॅनर ओरडत असतो, ऑर्डरचा टायमर लाल होत असतो, तुला झोपायची सोय नसते. सिग्नलला मात्र कुणी ओरडत नाही. तेव्हा बाकीचं काय ठरेल ते ठरेल, आजपासून रात्री एकला गाडी चालवायची नाही. सुटणारा कुणी जागा सहकारी असेल त्याच्या मागे बस, कुणी नसेल तर रिक्षाचे पैसे दे. आणि पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात दिसते का ते बघ. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ती लागू असते. कपात होत असेल तर तुझा विमा क्रमांक काढून मोबाइलमध्ये ठेव. पुष्कळ मुलांना आपल्याला हे मिळतं याचा पत्ता पहिल्या अपघातानंतर लागतो.

आता वेळेच्या नियोजनाकडे. तू विचारलं आहेस म्हणून मी कागद घेऊन बसले. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तुला एका सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, आहेत. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. तुझ्यासारख्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल बरीच असतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला साधारण ३० तास कॉलेजात. नोकरीचे नऊ गुणिले सहा, ५४. येण्याजाण्याचे नऊएक तास. रोजची सात तास झोप धरली तर ४९. झाले १४२. आठवड्यात तास असतात १६८. उरले २६! त्यात जेवण, आंघोळ, कपडे धुणं आणि अभ्यास. अवघड आहे, पण बसतं, असंच कागद बघून कुणीही म्हणेल. मोबाइलवर रंगीत टाइमटेबल बनवून देणारे सगळे हेच म्हणतात, आणि तूही बहुतेक असं एखादं करून भिंतीला लावलं असशील.

ते बेरजेत बसतं, घड्याळात बसत नाही. उरलेले २६ तास एका जागी नाहीत. ते दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या मध्ये सांडलेले आहेत, बसमध्ये आहेत, सोमवारी संध्याकाळी आहेत. झोपेचे सात तास तर कुठेच सलग मिळत नाहीत, कारण रात्रीचं एक टोक स्टोअरने धरलंय आणि सकाळचं टोक कॉलेजने. त्यात तू आजारी पडणार नाहीस, दिवाळीच्या आठवड्यात स्टोअरला जादा माणूस लागणार नाही, सबमिशन आणि सेलचे दिवस एकत्र येणार नाहीत, असं सगळं गृहीत धरलेलं आहे. तुझी हजेरी ४१ टक्क्यांवर आली ती तू आळशी आहेस म्हणून नाही. पहिल्या सत्रात सगळे विषय सुटले होते, दोन्ही केट्या नोकरी लागल्यानंतरच्या सत्रातल्या आहेत. याहून सरळ पुरावा मला नको.

म्हणून नियोजन कसं करू, या प्रश्नाला माझं उत्तर आहे की करू नकोस. दोन पूर्णवेळ गोष्टी एका माणसाच्या दिवसात राहत नाहीत. दोन्हींतली एक अर्धवेळ करावी लागते. कुठली, एवढंच ठरवायचं आहे.

कमावत शिकणं आपल्याकडे नवं नाही, आणि ज्यांनी ते नीट उभं केलं त्यांनी हा प्रश्न विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकला नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’वर. मुलं शेतात राबायची, बांधकामावर राबायची, पण काम संस्थेचं होतं, त्यामुळे कामाच्या वेळा तासांच्या बाजूने ठरायच्या. तिथे काम वाकलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी लवकर ठेवले. मुलं वर्ग आटोपून कचेरीत जायची. तिथे कॉलेज वाकलं. तुझ्याबाबतीत कुणीच वाकत नाही. कॉलेजला ७५ टक्के हजेरी हवी, स्टोअरला चार ते एक हवेत, आणि दोघांच्या मधोमध तू.

मग कुणाला वाकवायचं? माझं मत विचारशील तर नोकरीला. सध्या तरी.

त्याचं कारण तुझा अभ्यासक्रम आहे. बी.ए.ला असतास तर कदाचित मी उलट लिहिलं असतं. पण कॉम्प्युटर सायन्समधल्या मुलाला तिसऱ्या वर्षाला जे कंपन्यांचे भरतीचे ड्राइव्ह येतात, त्यांच्या पात्रतेत दोन ओळी बहुतेक ठिकाणी असतात: पदवी पूर्णवेळ, नियमित हवी आणि चालू केटी नको. त्या ओळी न्याय्य आहेत का, यावर माझ्याशी भांड, मी तुझ्याच बाजूने बोलेन. पण त्या आहेत. आणि त्या पार केल्या तर पुढची वाट तुझ्यासारख्यालाच सोयीची आहे, कारण विप्रोसारख्या कंपन्या बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्यांना नोकरीत घेऊन सोबत एम.टेक. करवून घेतात. तिथे पगार आणि शिक्षण एकाच जागी असतं, वेळा त्यांनीच जुळवलेल्या असतात. तुला जे ‘दोन्ही’ हवंय ते दीड वर्षाने मिळण्यासारखं आहे. आत्ता ते ओढून आणायला गेलास तर तेव्हाचंही जाईल.

आता बढतीचा हिशेब. २०,००० हा आकडा तुझ्या डोळ्यांपुढे मोठा दिसतोय, साहजिक आहे. आत्ता तू महिन्याला सुमारे २३४ तास देतोस आणि १५,५०० घेतोस, म्हणजे तासाला ६६ रुपये. इन-चार्ज झालास तर २६० तास आणि २०,०००, म्हणजे तासाला ७७. तासामागे अकरा रुपये जास्त, आणि त्या बदल्यात स्टोअरच्या चाव्या, स्टॉकची जबाबदारी, न आलेल्या पिकरच्या जागी तू, आणि सकाळची शिफ्ट लागली की त्या दिवशीचं कॉलेज गेलं. शिवाय एक गोष्ट मॅनेजरने सांगितली नसेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. मधली सुट्टी वजा करून तुझे सध्याचे तास कसेबसे ४८ मध्ये बसत असतील. रोजचे दहा तास, सहा दिवस, यात ते बसणार नाहीत. ‘इन-चार्ज’ म्हटलं की ओव्हरटाइम विचारायचा नसतो असा एक समज सगळीकडे पसरवून ठेवलेला आहे. पद काय लिहिलंय यापेक्षा काम काय करतोस हे बघायचं असतं. पुढे कधी ही जागा घेतलीस तर हे आधी लेखी विचारून घे.

तुझ्या रूममेटचं म्हणणं खोटं नाही. पदवी झालेली मुलं डिलिव्हरी करतात, मीही माझ्या दारात एका जुन्या विद्यार्थ्याच्या हातून दूध घेतलंय. तो ओळख दाखवून हसला, मला काय बोलावं कळेना, शेवटी त्यानेच विचारलं, मॅडम, ओटीपी? पदवी हातात आली की नोकरी चालत येते असं मी तुला सांगणार नाही. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भागही रूममेटला विचार. इन-चार्जच्या वर कोण बसतं? स्टोअर मॅनेजर, मग अनेक स्टोअर्सचा क्लस्टर सांभाळणारा. त्या जागांच्या जाहिराती एकदा उघडून वाच, बहुतेकांत ‘पदवीधर’ लिहिलेलं सापडेल. म्हणजे याच धंद्यात राहायचं ठरवलंस तरी पदवी तुला आडवी येणार आहे, आणि तेव्हा तू पंचविशीत असशील आणि घरची जबाबदारी आजच्यापेक्षा जास्त.

नोकरी वाकवायची म्हणजे सोडायची नाही. सोडून तुझं भागणार नाही, ते मला दिसतंय. अशा स्टोअरमध्ये खरी झुंबड संध्याकाळी असते, सहा ते अकरा. त्या वेळेपुरते अर्धवेळ पिकर पुष्कळ ठिकाणी ठेवतात. पाच तास, पाच दिवस माग. तासाचा दर हाच धरला तर महिन्याला ७,००० च्या आसपास सुटतील. अकराला सुटलास तर बसही मिळेल आणि बारापर्यंत झोपशील. आता तुझ्याच आकड्यांकडे बघ. कॉट आणि मेस ७,२००. जवळजवळ बरोबरी झाली. पास आणि मोबाइलचा हप्ता मिळून २,९०० उरतात, त्यांचं बघता येईल, त्यावर पुढे लिहिते. ज्याचं काहीच करता येत नाही ते म्हणजे घरी जाणारे ५,०००.

म्हणजे तुझा पेच कॉलेज विरुद्ध नोकरी असा नाहीच. पेच पतसंस्थेच्या हप्त्याचा आहे, आणि तो तू एकट्याने सोडवायला घेतला आहेस, ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्यांना न विचारता.

वडिलांना सांग. मला माहीत आहे, पूर्ण पत्रात तुला हे एक वाक्य वाचायचं नव्हतं. पण त्यांची बाजू बघ: ते तुला ग्रॅज्युएट हो म्हणतात आणि दर महिन्याला पाच हजार घेतात, आणि या दोन गोष्टी एकमेकींना कापतायत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी मुलगा शिकतोय आणि वर घरालाही हातभार लावतोय, सगळं उत्तम चाललंय. ते चुकीचा निर्णय घेत नाहीयेत, ते अर्ध्या माहितीवर निर्णय घेतायत. आधी आईला सांगावं आणि तिने वेळ बघून बाबांच्या कानावर घालावं, असा मोह होईल. तसं करू नकोस. तीन दिवस ती माऊली झोपणार नाही, आणि तिच्या तोंडून जाताना दोन केट्यांचं ‘नापास झाला’ होईल. शक्य असेल तर या सोमवारच्या वीक-ऑफला सकाळच्या गाडीने घरी जा, फोनवर नको. जेवणं झाल्यावर बस, आणि कागदावरचा हिशेब घेऊन बस. शेतकरी माणसाला मुलाचं रडगाणं ऐकून काही सुचत नाही, पण आकडे दाखवले की तो लगेच कामाचं बोलायला लागतो. आधी केटीचं सांग, मग हजेरीचं, मग बढतीचं, आणि शेवटी विचार: बाबा, हप्ता दीड वर्ष कमी करून घेता येईल का?

कारण तो येऊ शकतो. पतसंस्थेचं कर्ज थकण्याच्या आधी जाऊन मुदत वाढवून मागितली तर हप्ता लहान करून मिळण्याची शक्यता असते, संचालक गावातलेच असतात, माणूस ओळखीचा असतो. व्याज एकूण जास्त जाईल, ते खरं आहे. पण हप्ते थकल्यानंतर गेलात तर जामीनदारांना नोटिसा निघतात आणि मग कुणी चहासुद्धा विचारत नाही. वडिलांनी स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, तोंडी बोलून यायचं नाही. आणि ताईला यातलं काही माहीत आहे का? तिच्या लग्नाचं कर्ज भाऊ स्वतःचं वर्ष घालवून फेडतोय हे तिला नंतर कळलं तर ती तुला माफ करणार नाही. तिने पैसे द्यावेत असं मी म्हणत नाही. तिला माहीत असावं, एवढंच.

आता त्या २,९०० कडे येते, आणि इथे तुझ्यावर जरा चिडणार आहे. पत्रात शिष्यवृत्तीचा एक शब्द नाही. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या साइटवरचा फॉर्म भरला होतास का? बहुतेक पहिल्या वर्षी उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही, साइट चालली नाही, आणि राहून गेलं. सगळ्यांचं असंच राहून जातं. तू कोणत्या प्रवर्गातला आहेस ते लिहिलेलं नाहीस, मला कळायची गरजही नाही, पण तू बघ: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना समाजकल्याणची स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या मुलाला पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० पर्यंत मिळू शकतात. भागिले बारा कर, महिन्याचे ५,००० होतात. हा आकडा तुझ्या ओळखीचा आहे. या दोन्हींत बसत नसशील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे, आणि चार एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकात येता. कुठले अभ्यासक्रम तिच्यात धरतात ते मात्र आधी तपास. या सगळ्यांना गुणांच्या आणि हजेरीच्या अटी असतात. ४१ टक्क्यांवर तुझा अर्ज कुणी पुढे सरकवणार नाही. म्हणजे वर्गात न बसण्याचीही एक किंमत आहे आणि ती तू तुझ्या हिशेबात धरलीच नव्हतीस. गावी जाशील तेव्हा तलाठ्याकडून आणि तहसीलमधून दाखल्यांचं काम सुरू करून ये.

कॉलेजातही एक दार आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाची ‘कमवा व शिका’ योजना संलग्न कॉलेजांत चालते. ग्रंथालय, ऑफिस, प्रयोगशाळा, बाग, असलं काम, दिवसाला दोन-तीन तास. श्रीमंत होत नाही कुणी त्यात, आणि पैसे हातात पडायला वेळ लागतो, हे मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलंय. पण काम कॉलेजच्या फाटकाच्या आत असतं आणि साडेबारा ते तीनच्या रिकाम्या वेळात बसतं. तुझ्या कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतील, त्यांना जाऊन भेट.

हजेरीचं. डिफॉल्टर लिस्ट लागली की मुलं दोन गोष्टी करतात. एक, विभागप्रमुखांच्या केबिनसमोरून जाणं बंद करतात. दोन, शेवटच्या आठवड्यात खोटं मेडिकल आणतात. ती सर्टिफिकेटं आम्ही लांबून ओळखतो. कावीळ झालेला मुलगा त्याच पंधरवड्यात गॅदरिंगमध्ये नाचलेला असतो. तू यातलं काही करू नकोस. आजच जाऊन वर्गशिक्षकांना खरं सांग: नोकरी करतो, घरची ही परिस्थिती आहे, शिफ्ट कमी करून घेतोय, या तारखेपासून रोज येईन. आणि त्यांच्याकडे एक नेमकी गोष्ट माग, प्रॅक्टिकलची बॅच बदलून. एका वर्गाच्या दोन-तीन बॅचेस असतात, त्यातली लवकर संपणारी तुला मिळाली तर दुपार मोकळी होते. मोघम ‘सर, सांभाळून घ्या’ म्हणणाऱ्याला सर सांभाळून घेऊ शकत नाहीत. बॅच बदलणं मात्र त्यांच्या हातात असतं. थिअरीचा तास बुडला तर नोट्स मिळतात, प्रॅक्टिकल बुडलं की जर्नलवर सही होत नाही, आणि सही नसलेल्या जर्नलचं पुढे काय होतं ते तुला माहीत आहे.

आता समजा घरून उत्तर आलं की हप्ता कमी होत नाही, पैसे थांबले तर घर बसेल. असं होऊ शकतं, आणि तसं झालं तर वडिलांना दोष देऊ नकोस, त्यांची अडचण खरी असते. मग कॉलेजला वाकव, पण रीतसर. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून नेमकं तुझ्यासारख्यांसाठी चालू आहे. पुण्यात त्याची अभ्यासकेंद्रं आहेत. तिथल्या ज्या अभ्यासक्रमांना यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे, त्यांच्या पदव्या सरकारी भरतीला आणि पुढच्या शिक्षणाला नेहमीच्या पदवीसारख्याच धरल्या जातात. संगणकाचा कोणता अभ्यासक्रम त्या वर्षी चालू आहे आणि यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघून घे. कंपन्यांच्या ड्राइव्हचं मी वर लिहिलंय, तो तोटा होईल, तो मान्य करून जायचं. आत्तापर्यंत मिळवलेले क्रेडिट वाया जात नाहीत. ते अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात जमा झालेत का, ते तुझ्या एबीसी आयडीने उघडून बघ, दिसत नसतील तर कॉलेज सोडण्याच्या आधी ऑफिसच्या मागे लाग. नव्या रचनेत पदवी पूर्ण करायला ७ वर्षांपर्यंत मुदत आहे, मध्ये थांबून परत येता येतं. त्या परिस्थितीत बढती घे, अपराधी वाटून न घेता घे, ओव्हरटाइमचं लेखी घेऊन घे.

जे करू नये ते सध्या चाललंय तेच. नाव कॉलेजात, माणूस स्टोअरमध्ये. फी जाते, वर्ष जातं, केट्या साठतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात ना पदवी ना बढती. अशी मुलं मी फार पाहिली. त्यांना कुणी काढून टाकलं नव्हतं, त्यांनी सोडलंही नव्हतं. ती नुसती यायची बंद झाली.

मॅनेजरला नाही म्हणायला घाबरू नकोस. इन-चार्ज व्हायच्या लायकीचा माणूस त्याला सहज सापडत नाही, म्हणून तर तो तुझ्याकडे आलाय. त्याला म्हण, ‘सर, परीक्षा होईपर्यंत मला संध्याकाळची पाच तासांची शिफ्ट द्या. परीक्षेनंतर सुट्टीत पूर्णवेळ येतो, तेव्हा इन-चार्जचं बोलू.’ उन्हाळ्यात अर्धा स्टाफ गावी जातो, तेव्हा त्याला तुझी गरज आजच्यापेक्षा जास्त असेल. नाहीच म्हणाला तर पुण्यात अशी स्टोअर्स एक सोडून एक गल्लीत आहेत. तुला स्कॅनर चालवता येतो, रॅक पाठ आहेत, दुसरीकडे दोन दिवसांत लागशील.

परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर बघून ये, केटीचे विषय त्या फॉर्ममध्ये वेगळे टाकावे लागतात, ते विसरतात मुलं. गणिताची केटी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून निघते. सीची निघत नाही. सी वाचून येत नाही, टाइप करून, एरर बघून, पुन्हा टाइप करूनच येतं, आणि पुढचं डेटा स्ट्रक्चर्स त्याच्यावरच उभं आहे, म्हणून आधी तीच काढ. दुपारी बॅच नसेल तेव्हा लॅब मोकळी असते. लॅब असिस्टंटला विचारून रोज एक तास कोपऱ्यातलं मशीन माग. पॉइंटर्सपासून सुरू कर, बहुतेकांचे मार्क तिथेच जातात.